अपघातानंतर गाडीची साक्ष कोण घेणार? केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार,

मी साताऱ्यात वकिली करते, १९ वर्षं झाली, आणि त्यातली बहुतेक वर्षं एकाच प्रकारच्या फायलींत गेली, मोटार अपघात दावे. घरातला कमावता माणूस हायवेवर अपघातात गेला की त्याची बायको, आई, कधी नुकता बारावी झालेला पोरगा प्लॅस्टिकच्या पिशवीत एफआयआर, पंचनामा आणि पीएम रिपोर्टची झेरॉक्स घेऊन ज्यांच्या टेबलासमोर बसतात त्यातली मी एक. पत्र तुम्हालाच लिहायचं कारण मोटार वाहन कायदा तुमच्या खात्याचा आहे, आणि अपघातातली माणसं या विषयावर तुम्ही जाहीरपणे, तळमळीनं बोलता ते मी ऐकलंय.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात तुम्ही म्हणालात की ड्रायव्हर नसलेली गाडी मी देशात येऊ देणार नाही, ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्या जातील. मला ते तेव्हाही पटलं, आजही पटतं. पण साहेब, ती गाडी एका दिवशी बंदरावर उतरून येत नाही, ती तुकड्या तुकड्यानं येते आणि त्यातले बरेच तुकडे आलेले आहेत. समोर गाडी दिसली की स्वतः ब्रेक मारणं, पट्ट्यांच्या मधोमध राहायला स्टीअरिंग स्वतः फिरवणं, पुढच्या गाडीशी अंतर राखत स्वतः स्पीड कमीजास्त करणं, हे सगळं २०२१ पासून आपल्या चाकणला बनणाऱ्या गाड्यांमध्येसुद्धा आहे, एडास म्हणतात त्याला, आणि आता मध्यमवर्गीय माणूस कर्ज काढून घेतो त्या गाड्यांतही ते यायला लागलंय. मोठ्या बस-ट्रकना आपोआप ब्रेक आणि ड्रायव्हरला डुलकी लागली तर इशारा देणारी यंत्रणा सक्तीची करायचा मसुदा तुमच्याच मंत्रालयानं २०२५ मध्ये काढला, त्याचं मी मनापासून स्वागत करते, त्यानं जीव वाचतील. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्ते अपघातांत गेली हा सरकारी आकडा आहे, त्यामुळे ब्रेक मारणाऱ्या मशीनला विरोध करायला मी बसलेली नाही.

माझा प्रश्न ब्रेक लागला नाही त्या दिवसाचा आहे.

एक फाईल सांगते, नावगाव न सांगता. आमच्या जिल्ह्यातून जाणारा पुणे-बेंगळुरू हायवे, रुंदीकरणाचं काम चालू, डायव्हर्जन. पहाटे साडेपाचला सायकलवर दुधाच्या किटल्या अडकवून जाणारा ५८ वर्षांचा माणूस, मागून एसयूव्ही. माणूस जागेवर गेला. गाडी चालवत होता पुण्यातल्या एका कुटुंबाकडे महिन्याच्या पगारावर असलेला २४ वर्षांचा मुलगा, मराठवाड्यातला. मी मयताच्या बायकोची वकील, म्हणजे तो मुलगा माझा समोरचा पक्ष. त्यानं जबाबात सांगितलं की लेनची सिस्टीम चालू होती, मी उजवीकडं काढायला गेलो तर स्टीअरिंग जड झालं आणि परत डावीकडं ओढलं. मला ते पहिल्यांदा खोटं वाटलं, हे मी कबूल करते, कारण प्रत्येक ड्रायव्हर काहीतरी सांगतोच, टायर फुटला, समोरून लाईट आली, कुत्रं आडवं आलं. मग मी स्वतः त्या जागेवर जाऊन उभी राहिले. तर तिथं रस्त्यावर पट्ट्यांचे दोन सेट होते, डायव्हर्जनचे नवे पिवळसर आणि खालचे जुने पांढरे, जे कुणी खरवडून काढलेलेच नव्हते, आणि जुना पांढरा पट्टा सरळ साईडपट्टीकडे जात होता, जिथून तो सायकलवाला चालला होता. कॅमेऱ्यानं कुठला पट्टा धरला असेल? मुलानं वळवलं होतं का खरंच, किती जोरात, सिस्टीमनं इशारा दिला होता का, ब्रेक लागला का, की त्याला झोपच लागली होती? या सगळ्याचं उत्तर त्या गाडीत होतं, आणि ते आम्हाला कधीच मिळालं नाही.

का मिळालं नाही ते नीट सांगते, कारण दोष एका माणसाचा नाहीये, सगळी पद्धतच जुन्या गाडीसाठी बनलेली आहे. पंचनाम्यात काय येतं, टायर घसरल्याच्या खुणा किती फुटांच्या, काचांचे तुकडे कुठं, बंपर कुठल्या बाजूनं चेपला. मग आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक गाडी बघतात आणि लिहितात, ब्रेक कार्यक्षम, स्टीअरिंग कार्यक्षम, यांत्रिक दोष आढळला नाही. आणि खरंच यांत्रिक दोष नसतो! पण त्या वेळी गाडीचं सॉफ्टवेअर काय करत होतं हे विचारणारा रकाना मी बघितलेल्या एकाही फाईलमध्ये भरलेला नाही. तपासणी झाली की गाडी सुपुर्तनाम्यावर मालकाला परत मिळते, ती गॅरेजला जाते, पुढचा काच-कॅमेरा, रडारचा सेन्सर बदलला जातो, आणि वर नवीन सॉफ्टवेअर चढतं, हल्ली तर गॅरेजलाही जायला लागत नाही, रात्री पार्किंगमध्ये उभ्या गाडीला इंटरनेटवरून अपडेट येतं. म्हणजे आम्ही कोर्टात ज्या गाडीबद्दल भांडतो ती अपघाताच्या दिवसाची गाडी उरलेलीच नसते. नंबर तोच, रंग तोच, पण चालवणारा मेंदू दुसरा.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये धडकेच्या आधीच्या काही सेकंदांची नोंद राहते, स्पीड किती, ब्रेक दाबला का, वगैरे. अमेरिकेत, युरोपात त्याचे नियम आहेत. पण ही नोंद पक्की लॉक व्हायला सहसा एअरबॅग उघडावी लागते. पायी चालणाऱ्याला नाहीतर सायकलवाल्याला गाडी लागली तर एअरबॅग बऱ्याचदा उघडतच नाही, कारण गाडीच्या दृष्टीनं तो हलका धक्का असतो. मग ती नोंद पुढच्या धक्क्याच्या नोंदीखाली पुसली जाऊ शकते. म्हणजे गाडीतल्या माणसाच्या अपघाताची नोंद पक्की आणि गाडीखाली आलेल्याची कच्ची. हे मला फार लागतं, कारण माझे अशील कायम दुसऱ्या गटातले.

आम्ही न्यायाधिकरणात अर्ज दिला की कंपनीनं डेटा द्यावा. उत्तर आलं की ही तांत्रिक माहिती कंपनीच्या मालकीची आहे, कोर्टाच्या आदेशाशिवाय देता येत नाही. आदेश मिळवला, त्याला सात महिने गेले. मग उत्तर आलं की त्या कालावधीची नोंद आता उपलब्ध नाही. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली, सायकलवाल्याचीही चूक होती, सायकलला मागं रिफ्लेक्टर नव्हता, असं म्हणत रक्कम कमी झाली, आणि माझ्या अशील बाईंनी सही केली कारण धाकटीचं लग्न तोंडावर होतं. तो ड्रायव्हर मुलगा मात्र अजून फौजदारी कोर्टात तारखांना येतो. पूर्वीचं ३०४-अ, आता न्याय संहितेचं कलम १०६, निष्काळजीपणानं मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. तो दोषी असेलही. नसेलही. ते सिद्ध करायचं साधन त्याच्या मालकाच्या गाडीत होतं आणि ते त्यालाही मिळालं नाही आणि मलाही.

हे फक्त आपल्याकडं होतंय असं नाही, आणि म्हणूनच मी बाहेरची प्रकरणं वाचायला लागले. २०१८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत ॲरिझोना राज्यात टेम्पी गावात उबरच्या चाचणीच्या गाडीनं सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला मारलं. तिथल्या सरकारी तपास यंत्रणेनं गाडीतली नोंद उघडली आणि त्यात दिसलं की गाडीच्या सेन्सरनी तिला ५.६ सेकंद आधी पाहिलं होतं, पण सिस्टीम कधी तिला गाडी समजत होती, कधी नुसती वस्तू, कधी सायकल, आणि प्रत्येक वेळी समजूत बदलली की ती कुठं चाललीय हा हिशोब नव्यानं सुरू. मूळ गाडीत ती बनवणाऱ्या कंपनीनं बसवलेलं आपोआप ब्रेक मारायचं फीचर तर चाचणीसाठी बंदच केलं होतं. सीटवर बसलेली पगारी ऑपरेटर फोनवर कार्यक्रम बघत होती हेही बाहेर आलं. म्हणजे नोंद उघडली तर दोन्ही बाजूंचं खरं बाहेर येतं. पण शेवटी खटला कुणावर झाला, तर त्या ऑपरेटरवर. तिनं २०२३ मध्ये गुन्हा कबूल केला, तीन वर्षांचं प्रोबेशन झालं. उबर कंपनीवर फौजदारी खटला झालाच नाही. मला हे वाचताना आमच्या कोर्टाच्या व्हरांड्यात उभा असणारा तो मुलगाच दिसत होता.

दुसरं सॅन फ्रान्सिस्कोचं, २ ऑक्टोबर २०२३. एका बाईला आधी दुसऱ्याच गाडीनं उडवलं, ती क्रूझ कंपनीच्या ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सीसमोर पडली, टॅक्सी तिला धडकली, ब्रेक मारून थांबली, आणि मग सिस्टीमला वाटलं की बाजूला जाऊन उभं राहावं, म्हणून ती बाई खाली अडकलेली असताना गाडी सुमारे २० फूट पुढं गेली. कॅलिफोर्नियाच्या वाहन विभागानं सांगितलं की आम्हाला पहिल्यांदा दाखवलेल्या व्हिडिओत हा पुढचा भाग नव्हता, आणि परवाना थांबवला. कंपनीचं म्हणणं पूर्ण व्हिडिओ दाखवला होता. कंपनीनंच नेमलेल्या वकिलांच्या अहवालात मग आलं की मीटिंगमध्ये इंटरनेट अडखळत होतं, व्हिडिओ नीट चालत नव्हता, आणि गाडी बाईला घेऊन पुढं गेली हे वाक्य कुणी तोंडानं बोललं नाही. नंतर केंद्रीय तपासात खोटा रिपोर्ट दिल्याचं कंपनीनं मान्य केलं आणि ५ लाख डॉलर दंड भरला. साहेब, परवाना देणाऱ्या, रद्द करू शकणाऱ्या खात्यासमोर हे होत असेल तर साताऱ्याच्या एका दूधवाल्याच्या बायकोसमोर काय होणार?

आणि फ्लोरिडाचं टेस्लाचं प्रकरण, २०१९ चा अपघात, २२ वर्षांची मुलगी गेली. गाडीची ऑटोपायलट यंत्रणा चालू होती आणि ड्रायव्हर पडलेला फोन शोधत होता, त्याचीही चूक मोठी होती. मयत मुलीच्या घरच्यांना वर्षानुवर्षं धडकेच्या वेळचा मुख्य डेटा मिळत नव्हता, शेवटी त्यांनी लावलेल्या तज्ज्ञानं तो गाडीच्याच कॉम्प्युटरमधून बाहेर काढला. मुद्दाम लपवलं नव्हतं असं कंपनीनं कोर्टात सांगितलं. ऑगस्ट २०२५ मध्ये ज्युरीनं कंपनीला ३३ टक्के जबाबदार धरून २४.३ कोटी डॉलर द्यायला सांगितले. म्हणजे नोंद होती. ती काढायला तज्ज्ञ, पैसा आणि सहा वर्षं लागली. आमच्याकडं क्लेम लढवणाऱ्या बाईकडं यातलं काहीच नसतं.

आता दुसरी बाजू, कारण माझ्या पत्राचा अर्थ कुणी असा काढू नये की गाडीतला सगळा डेटा सगळ्यांना खुला करा. मला ते मुळीच नकोय. या गाड्यांना पुढं, मागं, बाजूला कॅमेरे आहेत, काहींना आत ड्रायव्हरच्या तोंडावर रोखलेला कॅमेरा आहे, सिमकार्ड आहे, लोकेशन आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सनं लोकांच्या गाड्यांचं लोकेशन आणि चालवायची पद्धत, काही वेळा दर तीन सेकंदाला एक नोंद, गोळा करून डेटा कंपन्यांना विकली, तिथून ती विमा कंपन्यांकडं गेली, असा ठपका तिथल्या सरकारी आयोगानं ठेवला आणि २०२५ मध्ये पाच वर्षं अशी माहिती देण्यावर बंदी घालणारी तडजोड झाली. २०२३ मध्ये रॉयटर्सनं बातमी दिली की टेस्लाचे कर्मचारी ग्राहकांच्या गाड्यांच्या कॅमेऱ्यातली खाजगी दृश्यं आपापसात फिरवत होते. आपल्याकडं २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, बऱ्याच तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू व्हायच्यात. पण तो कायदा संमतीवर उभा आहे, आणि संमती कोण देतो, गाडी घेणारा, शोरूममध्ये चावी घेताना स्क्रीनवर 'आय ॲग्री' दाबून. शेजारी बसलेली त्याची बायको देत नाही, पगारी ड्रायव्हर देत नाही (दिवसभर त्याच्या डोळ्यांवर कॅमेरा असतो आणि ती नोंद मालकाला दिसू शकते का हे त्याला कुणी सांगितलेलंही नसतं), आणि फुटपाथवरून जाणारी शाळेतली मुलगी तर नाहीच नाही.

आता गंमत नाही, चीड येते अशी गोष्ट म्हणजे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतायत. एरवी जो डेटा सहज कंपनीकडं जातो, विकलाही जाऊ शकतो, तोच डेटा अपघाताच्या दुसऱ्या दिवशी मयताच्या घरच्यांनी मागितला की अचानक गोपनीय होतो. माझ्या मते हे बरोबर उलटं पाहिजे. धडकेच्या आधीचं अर्धं मिनिट आणि नंतरचं अर्धं मिनिट, तेवढंच, पोलिसांना, न्यायाधिकरणाला, जखमीला आणि ड्रायव्हरला मिळालं पाहिजे. बाकीचं वर्षभराचं, कोण कुठल्या दवाखान्यात गेलं, कुणाच्या दारात गाडी रात्रभर उभी होती, ते कुणालाच नको, विमा कंपनीला तर नकोच नको. उद्या कंपन्या म्हणतील की डेटा कायद्यामुळं देता येत नाही, तर त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये कायदेशीर हक्क बजावायला लागणाऱ्या माहितीसाठी सूट दिलेली आहे, ती सबब ऐकून घेऊ नका.

जर्मनीनं हे केलंय. तिथल्या रस्ते वाहतूक कायद्यात अशा गाड्यांसाठी स्वतंत्र कलम आहे, चालवण्याचा ताबा माणसाकडून गाडीकडे आणि गाडीकडून माणसाकडे कधी गेला याची वेळ आणि जागेसह नोंद ठेवायची, एरवी सहा महिन्यांनी पुसायची, अपघातात सापडलेली गाडी असेल तर तीन वर्षं ठेवायची, आणि नुकसानभरपाई मागणाऱ्याला गरजेपुरती द्यायची. ठेवायचं कधी आणि पुसायचं कधी, दोन्ही एकाच कलमात. ब्रिटननं २०२४ मध्ये कायदा करून ठरवलं की गाडी खरोखर स्वतः चालवत असेल तेव्हाच्या चुकीसाठी आत बसलेल्या माणसावर खटला नाही, ज्या कंपनीनं परवाना घेतलाय ती जबाबदार. आपल्याला लगेच तिथपर्यंत जायला लागत नाहीये, आपल्याकडं अजून स्टीअरिंगवर माणूसच आहे आणि तुमच्या शब्दानुसार राहणारही आहे. पण ज्याच्या हातात अर्धंच स्टीअरिंग उरलंय त्याच्यावर पूर्ण गुन्हा दाखल होतो, एवढं तरी दिसायला पाहिजे ना.

आपल्या कायद्यात २०१९ ला एक कलम आलंय, २-ब, त्यात नवं संशोधन व्हावं म्हणून काही प्रकारच्या वाहनांना केंद्र सरकार या कायद्यातून सूट देऊ शकतं. उद्या बेंगळुरूच्या नाहीतर पुण्याच्या एखाद्या कंपनीला चाचणीसाठी ही सूट मिळाली तर कृपा करून नुकसानभरपाईची प्रकरणं त्या सुटीतून बाहेर ठेवा. लायसनचे, नोंदणीचे नियम शिथिल करा हवं तर. कलम १६४ मध्ये चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, ते आणि विमा, हे कुठल्याही चाचणीच्या गाडीला सुटलेलं नसावं. आणि वाहन परत मागवायचं, रिकॉलचं कलम ११०-अ तुमच्याकडं आहेच, पण एकाच मॉडेलच्या गाड्या एकाच प्रकारे चुकतायत हे कळणार कसं, जर सातारा, नांदेड, कोल्हापूर प्रत्येक फाईलमध्ये 'यांत्रिक दोष नाही' एवढंच लिहिलेलं असेल? अमेरिकेत २०२१ पासून अशी यंत्रणा चालू असताना झालेले ठराविक अपघात कंपन्यांना सरकारला कळवावेच लागतात. त्यामुळं तिथं निदान मोजता तरी येतं.

माझ्या मागण्यांपैकी पहिलीला संसदेत जायलाही लागत नाही. अपघाताची माहिती भरायला पोलिसांच्या मोबाईलवर ई-डारचं ॲप आहे, त्याच्या पहिल्या चाचणीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. त्यात हवालदाराला दोन प्रश्न विचारा, गाडीत एडास आहे का, आणि धडकेच्या वेळी चालू होतं असं कुणी म्हणतंय का. उत्तर हो असेल तर सुपुर्तनाम्यावर गाडी सोडायच्या आधी नोंदीची कॉपी काढायची, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागतं ते सर्टिफिकेट जोडून, म्हणजे पुढं कोर्टात कुणी ती बदलली असं सहज म्हणू शकणार नाही. कॉपी काढायचं मशीन आणि शिकलेला माणूस प्रत्येक तालुक्याला नाही देता येणार हे मला कळतं, पण प्रत्येक आरटीओला एक तर देता येईल, आणि पुण्यात एआरएआयसारखी गाड्यांची तपासणी आणि संशोधन करणारी संस्था आहे, निरीक्षकांना शिकवायला बाहेर कुठं जायची गरज नाही. कंपनीनं कॉपी काढायचं साधन आणि ती वाचायची पद्धत गाडीला मान्यता घेतानाच द्यायची, नंतर मागायला लागायला नको. कंपनीला कळवल्यापासून केस संपेपर्यंत त्या गाडीवर अपडेट चढवायचं असेल तर आधीची आवृत्ती जपून ठेवायची. आणि पायी माणसाला, सायकलला, दुचाकीला लागलेल्या धक्क्याची नोंदसुद्धा एअरबॅग उघडल्यासारखीच लॉक झाली पाहिजे, हे मानकातच घाला.

आणि रुंदीकरणाचं काम करणाऱ्या ठेकेदाराला जुने पट्टे खरवडायला लावा. आजवर ते नीटनेटकेपणाचं काम होतं, आता ते गाडीला दिलेल्या सूचना आहेत, आणि चुकीची सूचना रस्त्यावर तशीच सोडून देणं हा धोका आहे. मी परवा परत त्या जागेवरून गेले, पांढरा पट्टा अजून दिसतोय.

त्या केसची कागदपत्रं, कंपनीची दोन्ही उत्तरं आणि जागेचे फोटो, नावं झाकून, मी या पत्राच्या प्रतीसोबत तुमच्या कार्यालयाला स्पीड पोस्टानं पाठवतेय. खात्यातल्या कुणाला बोलायचं असेल तर मी साताऱ्याहून दिल्लीला माझ्या खर्चानं यायला तयार आहे.

आपली नम्र,
मोटार अपघात दाव्यांचं काम करणारी एक वकील, सातारा